बुंध्यावरचे थेंब दव नव्हेत

महोदय,

पावसाळ्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पडलेल्या ओंडक्यांवर आणि आपल्या रस्त्यांवरच्या गुलमोहराच्या, पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यावर फळीसारखी आडवी वाढलेली कडक बुरशी दिसते. तिच्या कडेला चहाच्या रंगाचे टपोरे थेंब धरलेले असतात. कुणी त्याला दव म्हणते, कुणी झाडाचा चीक. ते पाणी बुरशीने स्वतः बाहेर टाकलेले असते.

बुरशीचे तंतू लाकूड कुजवतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइडबरोबर पाणीही तयार होते. शिवाय ओल्या लाकडातले पाणी ते ओढतातच. कोरड्या हवेत हे पाणी उडून जाते. जुलै-ऑगस्टच्या दमट रात्री ते उडत नाही आणि वाढत्या, मऊ कडेतून थेंबाथेंबाने बाहेर पडते. याला बिंदुस्राव म्हणतात. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी साचणारा थेंबही बिंदुस्रावच, पण तिथे पाणी मुळांच्या दाबाने चढते. बुरशीच्या थेंबात रंगद्रव्ये आणि विकरे (एन्झाइम) असतात, म्हणून तो चाखून पाहू नये.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी कड कापसाने टिपून घ्यावी आणि वर छत्रीसारखा आडोसा करावा. सकाळी फक्त पांढरट कडेवर थेंब आले आणि बाकीचा पृष्ठभाग कोरडा राहिला, तर तो बिंदुस्राव. दव असते तर आडोशाखाली जमलेच नसते.

जंगलातल्या ओंडक्यावर ही बुरशी हवीच, तिला हात लावू नये. रस्त्यावरच्या उभ्या झाडाची गोष्ट निराळी. तिथे थेंब म्हणजे बुरशी जोमाने वाढते आहे आणि आतले लाकूड पोखरले जाते आहे. फांदीवरच्यापेक्षा मुळांच्या फुगवट्यावरची जास्त धोक्याची, कारण झाडाचा सगळा तोल तिथेच असतो. पानांचा पसारा हिरवागार असूनही असे झाड वाऱ्यात मुळासकट आडवे होऊ शकते.

अनेक सोसायट्यांत ही बुरशी खरवडून वर चुना फासतात. त्याने काही साधत नाही. खरवडले ते फक्त बुरशीचे बाहेरचे फळ, तंतू लाकडातच राहतात. उलट तपासणीला येणाऱ्याला खूणच सापडत नाही. त्याऐवजी जमिनीपासूनची उंची आणि बुरशीची रुंदी मोजून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे लेखी तक्रार द्यावी. बुंध्याला लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का, तेही त्यात नोंदवावे. आणि बुंध्याला चिकटलेले काँक्रीट चारी बाजूंनी निदान एक मीटर मागे घ्यावे, पण पहार मुळांवर पडू न देता. मुळाला झालेल्या जखमेतूनच ही बुरशी बहुधा आत शिरते.

— एक वृक्षप्रेमी वाचक, बोरिवली