बग्गीच्या बॅटऱ्यांचे चार्जिंग व देखभाल यांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

महोदय,

ज्येष्ठ सभासदांना मुख्य फाटकापासून मागच्या इमारतींपर्यंत ने-आण करणाऱ्या बग्गीसाठी बॅटऱ्यांचा नवा संच घेण्याचा विषय येत्या सभेपुढे आहे. त्याला माझा पाठिंबाच आहे. माझ्या आईचे रोजचे देवदर्शन त्या बग्गीवरच अवलंबून आहे. परंतु जुना संच दोन वर्षांतच का निकामी झाला, हे न पाहता नवा आणला तर त्याचीही तीच गत होईल, अशी मला काळजी वाटते.

सध्या दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धा-पाऊण तास चार्जर लावतात आणि कोणी आले की काढतात. रात्री मात्र बग्गी तशीच उभी असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी सतत अशी अर्धवट चार्ज होत राहिली, की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसत जातो आणि पुढे पूर्ण चार्जिंग करूनही तो नीट उतरत नाही. म्हणून शेवटची फेरी झाल्यावर रोज रात्री चार्जर लावावा आणि तो आपोआप बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण 8 ते 10 तास, काढू नये. आपला संच 48 व्होल्टचा आहे. बग्गी काही वेळ उभी राहिल्यावर मीटरवर 51 च्या आसपास आकडा दिसला तर तो पूर्ण चार्ज झालेला असतो; 48.5 दिसला तर जवळपास निम्मा उतरलेला असतो, आणि त्याखाली तो जाऊ देऊ नये.

पाण्याबाबत मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. उन्हाळ्यात बॅटऱ्यांमध्ये टँकरचे पाणी ओतताना मी स्वतः पाहिले आहे. त्यातील क्षार प्लेटांना मारक असतात, त्यामुळे केवळ डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, आणि तेही चार्जिंग संपल्यानंतर. आधीच काठोकाठ भरले तर चार्जिंगच्या वेळी अ‍ॅसिड उतू जाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतके पाणी घालावे. वरून अ‍ॅसिड कधीही घालू नये.

चार्जिंगच्या वेळी सहज पेट घेणारा हायड्रोजन वायू बाहेर पडतो, तेव्हा पंपाशेजारच्या कोंदट खोलीऐवजी मोकळ्या शेडमध्ये सोय करावी, ही विनंती.

या कामाची जबाबदारी एकाच कर्मचाऱ्याकडे द्यावी आणि एक नोंदवही ठेवावी. समितीने हायड्रोमीटर (बॅटरीतील अ‍ॅसिडची घनता मोजणारे साधन) घेतल्यास दर रविवारी प्रत्येक बॅटरीची नोंद करून देण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक सभासद