दादाच्या पायांबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, परवा तू म्हणालीस, "सुई सोडली म्हणतो आणि आता गांजा ओढतो. काय सुधारला?" फोनवर हे बोलणं नीट झालं नसतं, म्हणून लिहितेय.

दादाचे पाय खरंच दुखतात. एचआयव्हीने पायांच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, खराब होतात. एचआयव्हीवरच्या स्टॅव्हुडीनसारख्या जुन्या गोळ्यांनीही व्हायच्या. तळवे जळतात, मुंग्या येतात. तो पाय चादरीबाहेर काढून झोपतो ना, ते उकडतं म्हणून नाही. चादर नुसती टेकली तरी त्याला सोसत नाही. त्यात वर्षानुवर्षं हेरॉईन घेतलेल्या शरीराला नेहमीच्या मात्रेची वेदनाशामकं पुरत नाहीत, दुखणं उलट जास्तच जाणवू शकतं. पण असा माणूस "दुखतंय" म्हणाला की समोरच्याला वाटतं, गोळ्या उकळायला आलाय. दोनचारदा असं झालं की तो सांगणंच सोडतो. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉ. डोनाल्ड एब्रम्स यांनी याच दुखण्याच्या ५० एचआयव्ही रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ साली छापून आला. गांजा ओढणाऱ्यांचं दुखणं साधारण ३४ टक्क्यांनी उतरलं, अंमली घटक काढून टाकलेला गांजा ओढणाऱ्यांचं १७ टक्क्यांनी. म्हणजे दादाला बरं वाटतं ते मनाचे खेळ नाहीत. मात्र तो अभ्यास पाच दिवसांचा होता, आणि वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की दुखण्यावर गांजाची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. धुराने छाती बिघडते, सवय लागते, काहींचं डोकं फिरतं. कायद्याची भीतीही खोटी नाही.

तरीही तो पुन्हा सुईकडे वळण्यापेक्षा मला हे परवडतं. हेरॉईनच्या जास्त मात्रेने श्वास थांबतो, गांजाने तसं होत नाही.

म्हणून एवढंच करा. पुडी फेकू नका, तो लपून ओढायला लागेल आणि डॉक्टरांना काहीच कळणार नाही. बाबा, पुढच्या तारखेला तुम्ही त्याच्यासोबत जा. गांजाचं डॉक्टरांना त्याच्यासमोर सरळ सांगा. या दुखण्यावर आधी गॅबापेन्टिन देतात, मिरचीतल्या कॅप्सेसिनचा पॅचही असतो, ते विचारा. गॅबापेन्टिन, हेरॉईनऐवजी देतात ते मेथाडोन आणि गांजा एकत्र आले तर गुंगी किती वाढेल, हेही विचारा, कारण मेथाडोन आणि गॅबापेन्टिन मिळून श्वास मंदावू शकतो. एचआयव्हीच्या आणि मेथाडोनच्या औषधाचा एकही दिवस चुकू देऊ नका. आणि तो दुखतंय म्हणाला तर आधी कुठे आणि किती ते विचारा, बाकीचं नंतर.

डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी कळवा.

तुमची,
ताई