सूचना: 31 तारखेला क्लेमेंटेच्या पुतळ्यापाशी भेटूया

मंडळी, दरवर्षीसारखं याही वर्षी 31 डिसेंबरला दुपारी 2 वाजता पिट्सबर्गच्या पीएनसी पार्क या बेसबॉल स्टेडियमच्या बाहेर, पुलाच्या टोकाला बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेचा पुतळा आहे ना तिथेच जमायचंय, बर्फ पडला तरी, फक्त टोप्या मोजे नीट घालून या, नदीवरचा वारा काय असतो ते मागच्या वर्षी कळलंच सगळ्यांना.

नवीन मेंबर विचारतात की आपण मराठी माणसं, क्रिकेटवाली, बेसबॉलवाल्यासाठी थंडीत का उभं राहायचं. अहो, 3000 हिट्स (बॉल मारून बेस गाठणं), 12 गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस), 1971 च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) हे सगळं आहेच, पण 1972 मध्ये निकाराग्वात भूकंप झाला आणि पाठवलेली मदत तिथले सरकारी लोक मधेच लाटतायत असं कानावर आलं तेव्हा हा माणूस स्वतःच विमानात बसला, वर्षाचा शेवटचा दिवस, घरी बायको आणि तीन लहान पोरं, विमान जुनं आणि सामान क्षमतेपेक्षा जास्त, पोर्टो रिकोतल्या सॅन हुआनहून उडालं आणि लगेच समुद्रात पडलं. 38 वर्षांचा होता. बॉडी सापडलीच नाही. 3000 वा हिट सप्टेंबरच्या शेवटी मारलेला, रेग्युलर सीझनमधला तोच शेवटचा ठरला, मला हे दरवेळी सांगताना कसंतरी होतं.

हार-फुलं नकोत प्लीज. त्याऐवजी डबाबंद खाणं किंवा ब्लँकेट आणा, फूड बँकेत आणि शेल्टरला देऊ. त्याची 21 नंबरची जर्सी असेल तर जॅकेटवरून घाला. चहाचा थर्मास मी आणतोय, कप आपापले.