पैऱ्यावरची गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री बायपासवर मोटारी पळवणाऱ्या पोरांवर कारवाई झाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून छापता. कारवाई व्हायलाच हवी. माझ्या बारावीच्या वर्गातला एक मुलगा अशाच एका रात्री दुभाजकावर आदळला. पाय मोडला, परीक्षा बुडाली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी त्याच्या उशाशी बसून सांगितलं. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "सर, मग चालवायची कुठं?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. शाळेपासूनचा माझा मित्र यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करतो. २०२२च्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी मिळून २००३ची मारुती झेन घेतली. किंमत ५८ हजार, म्हणजे प्रत्येकी २९ हजार. ९९३ सीसीचं इंजिन, हलकी गाडी, सुटे भाग कुठल्याही गल्लीत मिळतात. घेतली ती ऑटोक्रॉससाठी. मातीच्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून वळणावळणाचा मार्ग आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शेजारी दुसरी गाडी नसते, त्यामुळे धडकेची भीती फार कमी. आणि एकेकच सुटायचं असल्यामुळे एकाच गाडीवर दोघांना नाव देता येतं. एक चालवून आला की हेल्मेट काढायचं, दुसऱ्यानं बसायचं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, जोडी करून आज तुझं रान, उद्या माझं. त्याला पैरा म्हणतात. बैलगाडा शर्यतीतही दोन मालकांचे बैल पैऱ्यावर पळतात. आमची झेन तशीच पैऱ्यावरची आहे.

पण पैरा टिकवायचा तर बोलणं आधीच झालेलं बरं. आरसीवर नाव एकाचंच लागतं. ते मित्राचं आहे. म्हणून शंभराच्या बाँडवर लिहून ठेवलं: अर्धी मालकी कुणाची, एकानं सोडली तर दुसऱ्यानं किती द्यायचे, रस्त्यावर दंड झाला तर तो चालवणाऱ्याचाच. विम्याची अटही नीट वाचली. शर्यत आणि वेगचाचणी नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाही. मैदानात जे मोडेल ते आपल्याच खिशातून.

मोडलं तर कुणी भरायचं, यावर आमचे दोन महिने गेले. माझं म्हणणं होतं, ज्याच्या हातून मोडेल त्यानं भरावं. मित्रानं ते मानलं नाही. त्याचं आयुष्य मागावर गेलंय. तो म्हणाला, "माग बंद पडला की दिवसपाळीवाला रातपाळीवाल्याचं नाव घेतो, रातपाळीवाला दिवसपाळीवाल्याचं. आणि खरं सांगू, झिजवलेला दोघांनी असतो." त्याचं बरोबर होतं. क्लच प्लेट माझ्या फेरीत जळाली, तरी ती झिजवायला त्याच्याही फेऱ्या होत्या. शिवाय मोडणाऱ्यानंच भरायचं ठरलं की माणूस आवाज लपवतो. चाकाकडचा जॉइंट कटकट करतोय हे सांगत नाही, आणि दुसरा त्याच जॉइंटवर हँडब्रेक ओढून वळतो. त्यामुळे आमच्याकडे सगळा खर्च निम्मानिम्मा. प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहायचं: तापमानाचा काटा कुठं होता, टायरमध्ये हवा किती, कुठून कसला आवाज आला. सीटच्या पट्टीवर रंगाच्या दोन खुणा आहेत, पांढरी त्याची, पिवळी माझी; बदली करताना चाचपडावं लागत नाही. गार गाडी आणि तापलेली गाडी सारखी चालत नाही, म्हणून पहिल्या फेरीत जो आधी सुटतो तो दुसऱ्या फेरीत नंतर.

गेल्या वर्षी माझ्या फेरीत दगडावर आपटून चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, फुटला. काळं तेल मातीत सांडताना मी बघत राहिलो. मित्राच्या दोन फेऱ्या बाकी होत्या. घरून १४० किलोमीटर आलो होतो आणि तो हेल्मेट घालून उभा होता. तो एक शब्द बोलला नाही, जॅक आणायला गेला. चेंबरचे पैसे निम्मे झाले, पण त्या दोन फेऱ्या त्याला कशा द्यायच्या? तेव्हापासून वहीत एक ओळ वाढली आहे: गाडी ज्याच्या हातून बंद पडेल, त्यानं पुढच्या वेळी आपली फेरी दुसऱ्याला द्यायची. त्यानंतर शिरोलीतल्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याचा गार्डही बसवून घेतला.

हा श्रीमंतांचा खेळ आहे असं सगळे म्हणतात. वरच्या पातळीवर आहेच. पण सुरुवातीला दोन पगारांतून निघेल एवढाच खर्च आहे. जुनी गाडी ठेवणं मात्र महाग होत चाललंय. १५ वर्षांपुढच्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरण एप्रिल २०२२पर्यंत ६०० रुपयांत होत होतं, ते ५ हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांपुढच्या मोटारीला १० हजार. पर्यावरण कर वेगळा. तोही आम्ही निम्मानिम्मा भरू. नड आहे ती जागेची. त्या एका मैदानासाठी १४० किलोमीटर जावं लागतं ते त्यामुळेच.

जागा आपल्या जिल्ह्यात आहे. उसाचा हंगाम मार्च-एप्रिलकडे संपला की साखर कारखान्यांची केनयार्डं, म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या करायची आवारं, दिवाळीच्या आसपासपर्यंत मोकळी पडतात. चार-पाच एकर सपाट माती, आजूबाजूला वस्ती नाही, कुंपण आहे, पाणी आहे. आग विझवायची सोयही बहुतेक कारखान्यांकडे असते. पावसाच्या आधी मे महिन्यातले दोन रविवार एखाद्या कारखान्यानं यार्ड द्यावं. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या देशाच्या संस्थेशी संलग्न क्लबनं रीतसर परवानगी काढून, डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी करून स्पर्धा घ्यावी. पोलिसांनी यावं, तपासावं. बायपासवर पकडलेल्या पोरांना तिथं पाठवावं, दोघांत एक गाडी घेऊन.

कारखान्यांच्या संचालकांपर्यंत ही विनंती आपल्या पत्रातून पोचावी. यार्ड मिळालं तर कोन लावायला आणि नंतर माती सारखी करायला आम्ही दोघं आदल्या दिवशी येऊ. तो मुलगा आता चालू लागला आहे. घड्याळ धरायला येतो म्हणालाय.

आपला,
एक शिक्षक, इचलकरंजी