टॉटनहॅमच्या दारावर भेटलेल्या सांगलीकर ताईस

प्रिय ताई,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. लंडनला टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमबाहेर तू जाकीट घालून ड्युटीवर होतीस. बंद पडलेला मोबाइल हातात धरून घामाघूम झालेला एक माणूस आणि त्याच्यावर करवादणारे त्याचे वडील, एवढ्यावरून आम्ही आठवू.

चूक माझीच. तिकिटं दोघांचीही माझ्याच फोनमध्ये, आणि व्हाइट हार्ट लेन स्टेशनपासून आबांचे व्हिडिओ काढत आल्यामुळे दारात बॅटरीनं मान टाकली. आबा म्हणाले, "शाहू स्टेडियमला असलं काय नव्हतं बघ. तिकीट फाडलं की आत." तेवढ्यात मागून तुझा आवाज, "काका, कोल्हापूरचे काय?"

पर्समधून स्वतःची पॉवर बँक काढून दिलीस, कुठून तरी खुर्ची आणलीस. सांगलीची आहेस कळल्यावर आबा जरा थांबले आणि "चालतंय की" म्हणाले. त्यांच्याकडून हे मोठंच प्रशस्तिपत्र. फोन जिवंत होईतोवर रांगेवर लक्ष ठेवत तू पाटाकडील तालमीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या फुटबॉल संघाच्या, जुन्या फायनली ऐकून घेतल्यास. मी त्या शंभरदा ऐकल्यात, म्हणून तुझं विशेष कौतुक. खुर्चीतून उठताना आबांनी गुडघा दाबला, तेवढं बघून तू आम्हाला जिन्याऐवजी लिफ्टकडे नेलंस. गुडघ्याबद्दल आम्ही चकार शब्द काढला नव्हता.

आत 62,850 खुर्च्या. समोर दक्षिण स्टँडचा एकसंध उतार, एकट्या त्यातच 17,500 माणसं. आबा बघतच राहिले. चहाला त्यांनी ऐटीत दहा पौंडांची नोट काढली, पण तिथे रोकड चालतच नाही; नोट घडी करून परत खिशात. बिअरचा पेला यंत्रावर ठेवला की बुडातून भरत वर येतो, हे मात्र त्यांनी तीनदा जाऊन पाहिलं. स्वतः घेत नाहीत, तरी.

आणि जाता जाता तू सांगितलंस ना, की गवताचं मैदान तीन तुकड्यांत सरकून दक्षिण स्टँडखाली जातं आणि खाली अमेरिकन फुटबॉलसाठी कृत्रिम गवताचं दुसरं मैदान आहे? त्यापायी पहिली पंधरा मिनिटं त्यांनी बॉल बघितलाच नाही. "सांधा कुठं दिसंना गा," एवढंच चाललं होतं.

मॅच सुटल्यावर तुला शोधायला फिरलो, पण स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत उलटं जाणं जमेना. तुझी पॉवर बँक माझ्याकडेच आहे, मागे गणपतीचं स्टिकर असलेली. आबा परत जाताना तिच्याशेजारी भडंगाचं पाकीट ठेवून गेलेत, त्याला मी अजून हात लावलेला नाही. पुढच्या होम मॅचला दोन्ही घेऊन त्याच दारावर येतो.

आबांनी एक प्रश्नही विचारून ठेवलाय: सांगलीत फुटबॉल खेळतात का?

तुझा,
आबांचा मुलगा