आमचा नकाशा ऐकणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न.

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'काका'. पत्र मात्र उघडं लिहितेय. पुढच्या वर्षी वेब टेक्नॉलॉजीच्या प्रकल्पाला जी मुलंमुली नकाशा निवडतील, त्यांनी ते आधी वाचावं असं आम्हा तिघींना वाटतं. आमच्या अहवालात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली: 'प्रत्यक्ष वापरकर्त्याकडून चाचणी करून घेतली.' हे फारच कंजूषपणाचं झालं.

विषय तुम्हाला पाठच आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून निव्वळ उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारी बांधकामं, आणि पेठांमधून लोकांना पाणी भरायला हौद. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावं पुण्यात अजून पत्ता सांगताना ऐकू येतात. हे हौद नकाशावर मांडायचे, फोनवर आणि संगणकावर सारखेच नीट चालतील असे, आणि ते कोणालाही वापरता यावेत, असं आमचं काम होतं.

नकाशासाठी लीफलेट घेतलं. व्होलोदिमिर अगाफोन्किन या युक्रेनच्या प्रोग्रामरने २०११ साली खुली केलेली ही छोटीशी लायब्ररी, म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवणारा तयार कोड. खालची चित्रं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची. सगळं बसलं. लाइटहाऊस हे साधन पान तपासून सुलभतेला गुण देतं, त्याने १०० पैकी १०० दिले. तो स्क्रीनशॉट अहवालात लागलासुद्धा. मग आई म्हणाली, एकदा वरच्या काकांना विचारून बघा.

तुम्ही एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, सुरू केलात आणि टॅब दाबत गेलात. "मार्कर बटन. मार्कर बटन. मार्कर बटन." थोडा वेळ ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कंडक्टरने प्रत्येक ठिकाणी 'स्टॉप आला, स्टॉप आला' एवढंच ओरडावं तसं झालंय हे. कुठला आला ते कोण सांगणार?"

लाइटहाऊसने काही खोटं सांगितलं नव्हतं. खुणेला मजकूर जोडलाय का, हे ते बघतं. जोडलेला होता, कारण दुसरं काही दिलं नाही तर लीफलेट आपणहून 'मार्कर' असं लिहून ठेवतं. पानाची भाषा नोंदवलीय का, हेही बघतं. नोंदवलेली होती, फक्त इंग्रजी म्हणून. नमुन्याच्या फाइलमधून तशीच आलेली. त्यामुळे हौदांची मराठी माहिती इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडली आणि जे काही बाहेर पडलं ते ऐकून काकी स्वयंपाकघरातून धावत आल्या. भाषेच्या जागी 'एमआर' ही दोन अक्षरं लिहिल्यावर ई-स्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज लागला. आवाज यंत्राचाच, पण 'साततोटी' साततोटी ऐकू आलं.

इथपर्यंतची मदत कोणीही जाणकाराने केली असती. खुणांना नावं द्या, भाषा नोंदवा, रंगावर सगळं सोपवू नका (आम्ही अजून असलेले हौद हिरवे आणि गेलेले लाल केले होते, आता भरीव आणि पोकळ वर्तुळं आहेत, शिवाय शब्दही), हे डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेलंच आहे. तुमचे आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या प्रश्नासाठी. खुणांना नावं आली, तुम्ही सगळी ऐकलीत आणि विचारलंत, "बरं, हे हौद आहेत कुठे?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. नकाशाच तर होता! पण पडद्यावरचा नकाशा म्हणजे २५६ बाय २५६ पिक्सेलच्या चित्रांची फरशी. त्यावरचे रस्ते, नदी, पेठांची नावं, सगळं चित्रात विरघळलेलं; स्क्रीनरीडरला त्यातलं एक अक्षर मिळत नाही. हौदांची नावं तुमच्यापर्यंत पोचली, त्यांची जागा पोचलीच नव्हती. नकाशातून जागा काढली तर उरतं काय?

मग यादी आली. सुरुवातीला आम्ही ती पानाच्या तळाशी, उपकार केल्यासारखी ठेवली होती. तुम्ही म्हणालात, तिला नकाशाशेजारी बसवा. आता शेजारी आहे. प्रत्येक हौदापुढे तुमच्यापासूनचं अंतर आणि दिशा येते, शोधलं की यादी आणि खुणा एकाच वेळी गाळल्या जातात, आणि किती हौद सापडले ते एनव्हीडीए न विचारता पण हळूच सांगतो. माहितीची चौकट बंद केली की फोकस, म्हणजे कीबोर्ड पानावर जिथे असतो ती जागा, ज्या नावावर होता तिथेच परत येतो. पूर्वी तो पानाच्या माथ्यावर जाऊन बसायचा आणि तुम्ही दरवेळी पहिल्यापासून सुरू करायचात. तुम्ही त्यावर चिडला नाहीत, त्याचं आम्हाला जास्त वाईट वाटलं.

अंतरावरून तुम्ही आमची जी खरडपट्टी काढलीत ती वर्गात अजून सांगितली जाते. आम्ही अक्षांश-रेखांशांवरून सरळ रेषेतलं अंतर काढून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, "हे कावळ्याला सांगा. मी डेक्कनवर उभा आहे, मधे मुठा आहे. मी लकडी पुलावरून चालत येणार. भिडे पूल म्हणाल तर तो पावसाळ्यात कधी पाण्याखाली असेल याचा नेम नाही." चालण्याचं अंतर काढणारी सेवा जोडायला वेळ नव्हता. पण आता अंतरासमोर 'सरळ रेषेत' असं स्पष्ट लिहिलंय, नदी आडवी येत असेल तर तसं, आणि प्रत्येक हौदाला जवळची ओळखीची खूण. ती वाक्यं आम्ही पेठांमधून चालत जाऊन लिहिली. प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच, आणि त्यात कोडची एकही ओळ नाही.

काकींचेही आभार. काचबिंदूमुळे त्या लॅपटॉपवर सगळं चौपट मोठं करून वाचतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. १२८० पिक्सेल रुंदीचा पडदा ४०० टक्के मोठा केला की पानाला ३२० पिक्सेल उरतात, म्हणजे एका लहान फोनइतकीच जागा. फोनसाठी केलेली मांडणी काकींच्या लॅपटॉपवर आपोआप लागू झाली. तोवर 'फोनवर चालणं' आणि 'सुलभ असणं' ही आमच्या वहीत दोन वेगळी प्रकरणं होती. मात्र फोनवर एका बोटाने पान सरकवायला गेलं की नकाशाच सरकायचा आणि काकी त्यात अडकून पडायच्या, म्हणून आता नकाशा हलवायला दोन बोटं लागतात. शिवाय वर-खाली-डावी-उजवी अशी बटनं दिली आहेत, कारण ओढणं प्रत्येकाला जमतं असं नाही.

एका बाबतीत तुमचं ऐकलं नाही, ते इथे सांगून टाकते. "यादी आहे ना, मग खुणा टॅबमधून काढून टाका," असं तुमचं म्हणणं. तुमच्यापुरतं ते बरोबर आहे. पण हात थरथरतात म्हणून माउस सोडून कीबोर्डवर काम करणारा माणूस नकाशा बघू शकतो, त्याला त्या खुणांवर जाता आलं पाहिजे. म्हणून खुणा ठेवल्या आणि त्यांच्या आधी 'नकाशा ओलांडून यादीकडे जा' असा दुवा दिला. तुम्ही "हं" म्हणालात. तो होकार धरला आहे.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत. उलट एनव्हीडीएची गोष्ट सांगितलीत: मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन मित्रांनी महागडं सॉफ्टवेअर सगळ्यांना परवडत नाही म्हणून २००६ मध्ये हे काम हाती घेतलं आणि ते फुकट वाटलं. मला तरी वाटतं, तुमचे तास फुकट घ्यायला नकोत. पुढच्या वर्षीच्या मुलांनी चाचणीचा खर्च अहवालात धरावा आणि विभागाने तो द्यावा, असं आम्ही लेखी दिलं आहे. उत्तर अजून नाही.

आणि एक काम उरलंय. अँड्रॉइड फोनवरच्या टॉकबॅक या स्क्रीनरीडरवर, दाटीच्या पेठेत, दोन खुणा इतक्या जवळ येतात की बोट एकीवर आणि आवाज दुसरीचा. २४ पिक्सेलचा किमान आकार पाळूनही हे होतं. आम्ही आता खुणांचे गट करून बघितले आहेत. येत्या रविवारी सकाळी तुम्हाला सवड असेल तर फोन घेऊन येते.

तुमची,
तळमजल्यावरची, तिघींच्या वतीने