बापूस पत्र: पाट कोणी साफ करायचा?

धुळे

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. घरी सगळं बरं आहे ना?

परवा फोनवर तू विचारलंस, दिवसभर कंपनीचं काम करून रात्री पुन्हा फुकटचं सॉफ्टवेअर कशाला लिहीत बसतोस? आणि लगेच दुसरा प्रश्न टाकलास, की तुझा आडतीच्या हिशोबाचा प्रोग्राम तू सगळ्यांसाठी खुला करावास का. दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मराठी मजकूर साफ करणारी माझी छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना आयता वापरता येणारा कोड, तुला माहीत आहे. तिचं निम्मं काम एका अक्षराभोवती फिरतं. भुसावळजवळचं ‘कुऱ्हे पानाचे’ हे गाव घे. त्यातला तो अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतं. कुठे साध्या र ला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, देऊन तेच अक्षर घडवलेलं असतं. आणि बऱ्याच मजकुरात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. शोधायला गेलं की गाव यादीत असूनही सापडत नाही. युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत; तिचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरीला हात लावत नाही.

आता हे ज्ञान ठेवायचं कुठे? शोधात ठेवलं की क्रमवारीतही लागतं, मग छपाईतही लागतं, आणि थोड्याच दिवसांत प्रोग्रामभर त्याच तीन तऱ्हांच्या तपासण्या पसरतात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालीच मांडून ठेवलंय, की प्रोग्रामचे भाग कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका. जो निर्णय उद्या बदलू शकतो तो एका भागात झाकून ठेवा, बाकीच्यांना त्याचा पत्ता लागू देऊ नका. मी तेच केलं. मजकूर आत येतो तिथेच तिन्ही तऱ्हा एक करणारं एकच फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, आहे, पुढे सगळीकडे एकच ‘ऱ’. उद्या चौथी तऱ्हा निघाली तर माझ्या जागी आलेल्या माणसाला एकच फाईल उघडावी लागेल. चांगली रचना मी यावरूनच ओळखतो: मागून येणाऱ्या, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाचं काम तिने किती कमी केलं? वेग, सौंदर्य वगैरे नंतर.

आणि हा मागून येणारा माणूस मला भेटला तो पांझरा नदीच्या काठी. तुला माझं फडांचं, म्हणजे इथल्या सामायिक पाटपाण्याच्या शेतीचं, वेड ठाऊक आहेच. रविवारी सायकल काढून साक्रीकडे जातो, दगडचुन्याचे जुने बंधारे बघतो, म्हाताऱ्यांशी बोलत बसतो. आपल्याकडची फड बागायत काही शतकं जुनी आहे. नदीवर एकाखाली एक बंधारे, प्रत्येकातून निघालेला पाट, पाण्याला पंप नाही, निव्वळ उतार. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. त्यामुळे पाण्याची पाळी साऱ्या फडाला एकच. पाणी वाटायला पाटकरी नेमलेला, शेतकऱ्याने बांधावर ताटकळायचं कारण नाही. राखणीला जागल्या. पाणी कमी असलं की यंदा कोणता फड भिजणार आणि कोणता पडीक राहणार हे सगळे बसून ठरवणार. उरलेलं पाणी परत नदीत, म्हणजे खालच्या बंधाऱ्याला. एका बंधाऱ्यावर एक बाबा मला म्हणाले, “पाट साफ करायला ज्याचा माणूस आला नाही, त्याला विचारायचं.” एवढंच. पण सगळी व्यवस्था त्या विचारण्यावर उभी होती.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच अभ्यासासाठी. स्पेन, फिलिपिन्स, नेपाळ इथल्या लोकांनी चालवलेल्या पाटांचा त्यांनी अभ्यास केला होता. सामायिक गोष्ट टिकते तिथे हक्कदार कोण हे ठरलेलं असतं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, कोणीतरी लक्ष ठेवतं, आणि चुकणाऱ्याला आधी थोडी शिक्षा होते, मग वाढत जाते. वाचताना मला सारखे आपले फड दिसत होते, आणि त्याहून जास्त ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर.

एक्सझेडचं प्रकरण आठव. फाईल लहान करणारं एक साधं साधन, पण लिनक्सच्या जवळपास सगळ्या वितरणांत वापरलेलं. सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला. मागून अनोळखी नावं त्याच्यावर दबाव आणत राहिली, की तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. मदत करणाऱ्या एका ‘सहकाऱ्या’ने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि 5.6.0 आवृत्तीत चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्यांनी तो धागा सोडला नाही, म्हणून जग वाचलं. सगळे म्हणाले, बघा, खुल्या कोडमुळे सापडलं. खरं आहे. पण बड्या बड्या कंपन्या त्या पाटाचं पाणी घेत होत्या आणि गाळ काढायला माणूस एक, याचा मला आजही राग येतो. आपल्या फडांचंही तसंच झालं. घरोघरी विहिरी, बोअर झाल्या, वर धरणं आली, सामायिक पाटाची गरज वाटेनाशी झाली, आणि काही फड मोडले. पाणी संपलं म्हणून मोडले असं नाही, एकत्र बसणं आधी संपलं.

खुलं म्हणजे दार सताड उघडं, असंही समजू नकोस. एसक्यूलाइट हा माहिती साठवणारा छोटा डेटाबेस बघ. रिचर्ड हिप यांनी 2000 साली सुरू केलं, आज प्रत्येक फोनमध्ये आहे, कोड कोणीही घ्यावा, अट शून्य. पण बाहेरच्यांचे बदल ते सहसा घेत नाहीत. पाणी सगळ्यांना, दरवाजाला हात लावायचा तो ठरलेल्या लोकांनीच. मला यात काही कंजूषपणा दिसत नाही.

तर बापू, तुझा प्रोग्राम जरूर खुला कर. लायसन्स, म्हणजे कोड वापरायच्या अटी, म्हणशील तर माझा कल जीपीएल या लायसन्सकडे. बदल करून पुढे वाटणाऱ्याला सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो. एमआयटी या दुसऱ्या लायसन्समध्ये तेवढं बंधन नाही, नाव आणि लायसन्सची नोंद ठेवली की झालं. पण लायसन्सच्याही आधी रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाईलमध्ये, स्पष्ट लिही, की दुरुस्त्या कोण तपासणार, किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि तुला वेळ नसेल तेव्हा कोणाला विचारायचं. तोलाई, हमाली, आडत यांचे दर कोडमध्ये जागोजागी आहेत ते काढून एका फाईलमध्ये आण. बाजार समिती बदलली की दर बदलतात, आणि चोपड्याचा कोणी पोरगा तो प्रोग्राम घेईल तेव्हा त्याला बाकीचं काही वाचावं लागू नये.

दुसरा सांभाळणारा मी व्हायला तयार आहे, पण तिसराही शोधू. रीडमीचा मसुदा पाठव, रविवार सोडून कधीही बघतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना